हाफ लाईन, आठ सेकंद आणि 'बॅक बॅक' ओरडणारी पब्लिक

आमच्या परभणीत बास्केटबॉलच्या मॅचला जी काही थोडीफार पब्लिक जमते तिला दोनच नियम पाठ असतात, एक ट्रॅव्हल आणि दुसरा बॅक. कुणी बॉल हातात धरून पाऊल जास्त टाकलं की ट्रॅव्हल, आणि बॉल हाफ लाईनीच्या मागं आला रे आला की सगळे एका सुरात "बॅक! बॅक! सर बॅक!" आणि रेफरीनं शिट्टी नाही मारली की मग संपलंच, रेफरी त्यांच्या शाळेचा, रेफरीला दिसंना झालंय, रेफरीला पोहे कुणी खाऊ घातले, सगळं बाहेर येतं. मी अधूनमधून तालुक्याच्या जिल्ह्याच्या मॅचेसना टेबलवर बसतो, माणूस कमी पडला तर शिट्टीपण गळ्यात घालतो, त्यामुळं हा आवाज मला रोजचाच. पण त्या ओरडण्यात लई वेळा दम नसतो, कारण लोकांना वाटतं बॉल लाईन ओलांडून मागं गेला म्हणजे झालं व्हायोलेशन, म्हणजे नियमभंग. तसं नाहीये. लाईन फक्त जागा सांगते, नियम ठरतो तो बॉलला शेवटचा हात कुणाचा लागला आणि त्यानंतर पहिला हात कुणाचा लागला ह्याच्यावर.

लोकांचं सोडा, खेळणाऱ्या पोरांनाच हा नियम धड माहीत नसतो आणि ह्यात पोरांचा काही दोष नाही. आमच्याकडं संध्याकाळी खेळ चालतो तो सगळा हाफ कोर्ट. एक तर उन्हाळ्यात सिमेंटचं कोर्ट सहा वाजेपर्यंत तव्यासारखं तापलेलं असतं, त्यात एका बाजूच्या रिंगला जाळी नसते, दुसऱ्या बाजूला व्हॉलीबॉलवाले नेट बांधून बसलेले, किंवा कुणीतरी तिथंच गाड्या लावलेल्या. मग तीन-तीन पोरं एकाच रिंगवर खेळायलेत वर्षभर. हाफ कोर्टमध्ये हाफ लाईनीचा नियम येणार कुठून? थ्री बाय थ्री हा आता ऑलिम्पिकमधला अधिकृत खेळ आहे, टोकियोपासून, त्यातपण बॅककोर्ट नावाची भानगडच नाही, तिथं बॉल हातात आला की रिंगभोवतीच्या कमानीच्या बाहेर काढायचा आणि १२ सेकंदात शॉट मारायचा, बस. म्हणजे आमचं लेकरू वर्षभर असलाच खेळ खेळतं आणि मग एकदम शालेय स्पर्धेला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पूर्ण कोर्टवर उभं राहतं, समोरची टीम संभाजीनगरची नाहीतर लातूरची, रोज पूर्ण कोर्ट खेळणारी, ती फुल कोर्ट प्रेस लावते, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवते, आणि आमचं पोरगं हाफ लाईनीपाशी जाऊन कावरंबावरं. पहिल्या दोन-तीन मिनिटात बॉल तीनदा गेलेला असतो आणि त्याला कळतपण नाही कामून गेला.

तर हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं म्हणलं. हे सगळं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानं आहे बरंका, कारण आपल्याकडं शाळेच्या असोत की असोसिएशनच्या, मॅचेस त्याच नियमानं होतात. हे मुद्दाम सांगायलो कारण सगळ्यात जास्त गोंधळ यूट्यूबमुळं होतो, त्याच्यावर नंतर येतो.

आधी जागा. कोर्टच्या बरोबर मधोमध जी लाईन ती सेंटर लाईन, आपण सगळे हाफ लाईनच म्हणतो. ज्या रिंगचं तुम्ही रक्षण करता त्या बाजूचा अर्धा भाग तुमचा बॅककोर्ट, ज्या रिंगवर तुम्ही मारता तो फ्रंटकोर्ट. समोरच्या टीमसाठी हेच उलटं, म्हणजे तुमचा फ्रंटकोर्ट तो त्यांचा बॅककोर्ट. हाफटाईमनंतर बाजू बदलतात तेव्हा हेपण बदलतं, आणि तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला एखादा तरी गडी उलट्या दिशेनं पळतोच. आता महत्त्वाचं, ती ५ सेंटीमीटर जाडीची लाईन स्वतः कुणाची? लाईन बॅककोर्टची. पूर्ण जाडीसकट. लाईनीवर तुमच्या बुटाचं टोक जरी टेकलं तरी तुम्ही मागंच आहात असं धरायचं. आमच्या कोर्टवर पेंटरनं कधीकाळी चांगली वीतभर जाड लाईन मारलेली होती, वर त्याच सिमेंटवर व्हॉलीबॉलची पिवळी, बॅडमिंटनची पांढरी, आणि स्पर्धेच्या दिवशी कुणीतरी उत्साहात वरून फक्की टाकलेली, त्यामुळं कोणती लाईन खरी ह्याच्यावरच निम्मी भांडणं. असो.

ह्या नियमाचे खरं तर दोन भाग आहेत आणि लोक दोन्हीची खिचडी करतात. पहिला, बॉल मागून पुढं आणायला लागणारा वेळ. दुसरा, एकदा पुढं आणल्यावर मागं न्यायचा नाही.

पहिला भाग सोपा. बॅककोर्टमध्ये तुमच्या टीमच्या ताब्यात बॉल आला की ८ सेकंदात तो फ्रंटकोर्टमध्ये गेला पाहिजे. आमच्याकडं काही जुने सर अजूनपण "दहा सेकंद, दहा सेकंद" म्हणून बेंचवरून ओरडतात, त्यांचं चुकत नाही, ते खेळायचे तेव्हा १० च होते. फिबानं २००० मध्ये १० चे ८ केले आणि त्याच वेळी शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायच्या आतली मुदत मोजणारं घड्याळ, ३० सेकंदांवरून २४ वर आणलं. अमेरिकेच्या एनबीए लीगवाल्यांनी ८ सेकंद २००१-०२ च्या सीझनपासून घेतले. मुळात १८९१ मध्ये नेस्मिथ सरांनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तेव्हा असली काही लाईन नव्हतीच, पुढं टीमा हुशार झाल्या, दोन पॉइंट वर असल्या की बॉल मागं घेऊन आरामात इकडून तिकडं पास करत बसायच्या, पब्लिक कंटाळायची, म्हणून १९३२ मध्ये तिकडं मधली लाईन आणि १० सेकंदाचा नियम आला. म्हणजे वेळ काढू नका, पुढं या आणि खेळा, एवढाच हेतू.

हे ८ सेकंद कधी सुरू होतात ते बघा. मागून थ्रो-इन करायलात, म्हणजे लाईनीबाहेरून बॉल आत टाकायलात, तर बाहेरच्याच्या हातात बॉल असताना नाही, बॉल आत कुणाला तरी लागला की मोजणी चालू. रिबाऊंड, म्हणजे शॉट हुकून परत आलेला बॉल, पकडला तर पकडल्यापासून. शॉट क्लॉक आमच्याकडं बहुतेक ठिकाणी नसतंच, असलं तरी लाईट गेली की बंद, मग मागं राहिलेला रेफरी हातानं एकेक सेकंद मोजत चालतो, बघितलं असेल तुम्ही, हात हलवत हलवत येतो ते कुणाला बोलवत नसतो, मोजत असतो. ८ झाले की शिट्टी आणि दोन्ही हाताची मिळून आठ बोटं वर.

आणि इथं एक गोष्ट अशी आहे की ज्याच्यावरून कोच लोक टेबलपर्यंत भांडायला येतात. समजा तुम्ही बॉल आणायलात, ५ सेकंद झाले, डिफेन्सवाल्यानं बॉलला हात मारला आणि बॉल साईडला बाहेर गेला. थ्रो-इन तुमचाच. आता नवे ८ मिळणार का? नाही मिळणार. उरलेले ३ च. बॉल बाहेर गेला आणि तुमचाच राहिला तर मोजणी आहे तिथून पुढं. तुमचाच गडी पडला, लागलं त्याला, खेळ थांबला, तरी तेच. तुमच्याच टीमवर टेक्निकल फाऊल (धक्काबुक्कीचा नाही, वागणुकीचा वगैरे) झाला तरी तेच. पण डिफेन्सनं फाऊल केला किंवा मुद्दाम पाय मारला बॉलला, तर मग नवे ८. ह्यात लॉजिक असं की चूक समोरच्याची असेल तर तुम्हाला नवा वेळ, नसेल तर जुनाच चालू. कोचनं बेंचवर एकाला नुसतं मोजायला बसवावं, "पाच!" म्हणून ओरडला की बॉल आणणाऱ्या पॉइंट गार्डला कळतं आता ड्रिबल, म्हणजे टप्पे मारत बॉल नेणं, सोडून पास द्यायला पाहिजे.

आता बॉल पुढं 'गेला' म्हणजे नक्की कधी गेला? इथून खरी मजा सुरू होते. पास असेल तर सोपं आहे, दोन्ही पाय फ्रंटकोर्टमध्ये टेकलेल्या तुमच्या गड्याला बॉल लागला की गेला. पण ड्रिबल करत लाईन ओलांडताना तीन गोष्टी पुढं पाहिजेत, दोन्ही पाय आणि बॉल. तिन्ही फ्रंटकोर्टला टेकले की मग तुम्ही पुढं आलात. त्याच्या आधी एक पाय पुढं, बॉल पुढं, पण दुसरा पाय अजून मागं किंवा लाईनीवर, तर तुम्ही अजून बॅककोर्टमध्येच. ह्याचा फायदापण आहे आणि तोटापण. फायदा असा की समोर डिफेन्स आडवा आला तर तुम्ही ड्रिबल चालू ठेवून परत मागं सरकू शकता, बिनधास्त, बॅक नाही होत ते, कारण तुम्ही पुढं गेलाच नव्हता. पब्लिक इथं हमखास ओरडते. तोटा असा की तुमचे ८ सेकंद अजून चालूच आहेत, तुम्हाला वाटायलंय आपण आलो पुढं आणि रेफरीचा हात हलायलाय तसाच.

माझ्या बघण्यात पोरं हमखास फसतात ती ह्याच जागी. एक पाय लाईनीच्या अलीकडं एक पलीकडं असं करून उभी राहतात, ड्रिबल बंद करतात, आणि मग इकडं तिकडं बघत बसतात. अशा गड्याला मागच्या सवंगड्याकडून पास आला आणि त्यानं परत मागं दिला तरी चालतं, तो मागंच धरलेला आहे. पण पुढच्या, म्हणजे फ्रंटकोर्टमध्ये असलेल्या सवंगड्यानं ह्याला पास दिला की लगेच व्हायोलेशन, कारण बॉल पुढं होता आणि आता मागं असलेल्या माणसाच्या हातात आला. तोच माणूस, तसाच उभा, फक्त पास कुठून आला त्याच्यावर सगळं बदलतं. हे एवढं एक उदाहरण पोराला समजलं की निम्मा नियम समजला असं मी धरतो.

दुसरा भाग, मागं नेण्याचा. आमच्याकडच्या पोरांच्या अंगात कबड्डी लहानपणापासून मुरलेली, आणि तिथं चढाई करून मध्यरेषेला परत आला की टाळ्या, इथं नेमकं उलटं आहे, पुढं गेलास की मध्यरेषेला परत शिवायचंच नाही. गावाकडून शिकायला आलेल्या पोरांना मी असंच सांगतो आणि लगेच पटतं त्यांना. पण शिवायचं नाही म्हणजे कुणी, कसं, ते बघितलं पाहिजे.

व्हायोलेशन होण्यासाठी ह्या सगळ्या गोष्टी एकापाठोपाठ व्हाव्या लागतात: बॉल तुमच्या टीमच्या ताब्यात पाहिजे, तो फ्रंटकोर्टमध्ये असला पाहिजे, फ्रंटकोर्टमध्ये त्याला शेवटचा हात तुमच्या टीमचा लागलेला पाहिजे, आणि मग मागं पहिला हातपण तुमच्याच टीमचा लागला पाहिजे. ह्यातलं एक जरी नसलं तर खेळ चालू.

म्हणून बघा, तुमच्या गड्याच्या हातातून बॉल सुटला आणि गडगडत हाफ लाईनीच्या मागं चाललाय. पब्लिक ओरडायली "बॅक!" रेफरी गप्प. कामून? कारण अजून काही झालेलंच नाही. मागं अजून कुणी हात लावलेला नाही. तुमच्यापैकी कुणी जाऊन उचलला की त्या क्षणी शिट्टी. पण तेवढ्यात समोरच्यानं पळत जाऊन उचलला तर व्हायोलेशन वगैरे काही नाही, तो सरळ जाऊन ले-अप मारणार. आता रेफरीनं पब्लिकचं ऐकून आधीच शिट्टी मारली असती तर समोरच्या टीमचे फुकटचे दोन पॉइंट गेले असते ना राव. चांगला रेफरी थांबतो. तो थांबलाय म्हणजे त्याला कळत नाही असं नाही.

आणि समजा बॉलला शेवटचा हात डिफेन्सचा लागला. तुमचा पास चाललाय, त्यांच्या गड्यानं मध्ये बोटं घातली, बॉल उडून तुमच्या बॅककोर्टमध्ये. आता तुम्ही जाऊन घ्या खुशाल, काही बॅक नाही, उलट तुम्हाला पुढं यायला नवे ८ सेकंद मिळतात. शॉट क्लॉक असेल तर ते मात्र पहिल्यापासून होत नाही, ते चालूच. पण ह्याच्यात एक बारीक गोम आहे. त्यांच्या गड्यानं हात मारलेला बॉल जर आधी तुमच्या गड्याच्या गुडघ्याला लागून मागं गेला, तर शेवटचा स्पर्श तुमचा झाला. मुद्दाम नाही लागला, त्याला कळलंपण नाही, तरी तुमचाच. मग तुम्ही उचलला की शिट्टी. हे कुठल्याच आईबापाला पटत नाही. "सर, आमच्या पोराला लागला तो, त्यानं थोडीच मारला?" मान्य आहे काका, पण लागला ना. आईबापाचंपण समजून घ्यायला पाहिजे, दहावीला क्रीडा गुण मिळतात त्याच्यासाठी एकेक मॅच महत्त्वाची वाटते त्यांना, क्लास बुडवून आणलेलं असतं लेकरू.

शॉटचं वेगळं आहे. तुमच्या टीमनं शॉट मारला, बॉल हातातून सुटला की ताबा संपला. आता रिंगला लागून आलेला बॉल तुमच्या उंच गड्यानं पकडला नाही, नुसता टोलवला मागं, आणि तो गेला हाफ लाईनीपलीकडं, तिथं तुमच्याच गार्डनं धरला. व्हायोलेशन नाही. ताबाच नव्हता कुणाचा. पण त्यानं दोन्ही हातानं पकडला आणि मग मागं फेकला तर आहे.

हवेतल्या माणसाचंपण एक आहे. उडी मारून हवेत असलेला खेळाडू जिथून उडाला तिथलाच धरतात. बॉल हवेतून लाईनीच्या मागच्या बाजूला गेला, पण तुमच्या गड्यानं फ्रंटकोर्टमधून उडी मारून तो झेलला आणि परत फ्रंटकोर्टमध्येच उतरला, तर काही नाही, लाईनीच्या वरच्या हवेला कुणी विचारत नाही. मागं उतरला की गेला बॉल.

मात्र ह्याला एक सूट आहे आणि मला हा सगळ्या नियमातला सगळ्यात भारी भाग वाटतो. समजा समोरची टीम त्यांच्या मागून बॉल आणायली, तुम्ही प्रेस लावलाय, म्हणजे तुम्ही तुमच्या फ्रंटकोर्टमध्ये उभे. त्यांनी लांब पास फेकला, तुमच्या गड्यानं हाफ लाईनीजवळून उडी मारली, हवेतच पास कापला आणि वेगात असल्यामुळं उतरला तो लाईनीच्या मागं, स्वतःच्या बॅककोर्टमध्ये. वर सांगितलेल्या हिशोबानं हे बॅक व्हायला पाहिजे, उडाला पुढून उतरला मागं. पण नाही, बॉलचा नवा ताबा त्यानं हवेत असताना मिळवला, म्हणून त्याला उतरायची मुभा. नाहीतर एवढा भारी इंटरसेप्ट मारणाऱ्यालाच शिक्षा झाली असती. मॅचच्या सुरुवातीच्या जंप बॉललापण हेच, टोलवलेला बॉल पुढून उडून हवेत झेलला आणि मागं उतरला तरी ठीक.

मात्र ही सूट त्या एकट्या माणसाला आणि फक्त उतरण्यापुरती. हवेत पकडून, उतरायच्या आधीच त्यानं मागं उभ्या असलेल्या मित्राला बॉल फेकला तर व्हायोलेशन. पाय जमिनीवर असताना पास कापला आणि मग तोल जाऊन लाईनीवर पाय पडला, तर तेपण व्हायोलेशन. आणि थ्रो-इनला तर ही सूटच नाही. तुमचाच गडी फ्रंटकोर्टच्या साईडलाईनीबाहेरून बॉल टाकायलाय, तुम्ही फ्रंटकोर्टमधून उडून तो हवेत झेलला आणि मागं उतरलात, तर बॉल गेला, कारण बाहेरच्याच्या हातात बॉल आला तेव्हाच ताबा तुमच्या टीमचा झालेला होता, नवा काही मिळवला नाही तुम्ही. हाफ लाईनीजवळच्या थ्रो-इनला उंच पास मागायची पोरांना लई हौस, त्यात हे हमखास होतं.

रेफरीला बॉल लागला तर काय हे बरेच जण विचारतात, आमच्या छोट्या जागेत लागतोपण. रेफरी म्हणजे तो जिथं उभा तिथली जमीन समजायची. तुम्ही मागून पास टाकला, पुढं उभ्या रेफरीला लागून बॉल मागं तुमच्याकडंच आला, तर घ्या आणि खेळा, फ्रंटकोर्टमध्ये तुमच्या कुणी हात लावलेलाच नव्हता.

आता ते यूट्यूब. पोरं रात्री एनबीएचे क्लिप बघतात आणि सकाळी येऊन मला नियम सांगतात. त्यात वाईट काही नाही, बघा की, पण तिथले सगळे नियम इथं चालत नाहीत. समजावून सांगणारे जे व्हिडिओ असतात त्यातले कित्येक अमेरिकेच्या हायस्कूलच्या रेफरींसाठी बनवलेले असतात, तिथं अजून १० सेकंद आहेत. कॉलेजलापण १० आहेत. गंमत म्हणजे तिकडं मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०१३-१४ पर्यंत बॉल पुढं आणायला वेळेची मर्यादाच नव्हती. तेव्हा व्हिडिओ बघताना कोणत्या नियमाचा आहे ते आधी बघत जा, आणि शंका आली तर फिबाचं रूलबुक त्यांच्या साईटवर फुकट आहे, त्याच्यासोबत उदाहरणांचं वेगळं पुस्तकपण येतं, तेच वाचा. इंग्रजीत आहे पण भाषा अवघड नाही. आम्ही "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतो ना, त्यातल्या जर्मनीनं २०२३ चा बास्केटबॉलचा वर्ल्ड कप मारला, परभणीवाल्यांनी निदान रूलबुक तरी डाऊनलोड करावं.

शिक्षा काय, तर फाऊल नाही मोजत, फ्री थ्रो नाही, नुसता बॉल जातो समोरच्याला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बॉल कुठं मिळतो बघा, जिथं चूक झाली तिथून जवळ, म्हणजे तुमच्याच रिंगच्या बाजूला. त्यांना पूर्ण कोर्ट पळायचीपण गरज नाही. म्हणूनच चांगल्या टीमा हाफ लाईन ओलांडल्या ओलांडल्या ट्रॅप लावतात. तुम्ही साईडनं बॉल आणला, लाईन ओलांडली, आणि लगेच दोघं अंगावर. एका बाजूला साईडलाईन, मागं हाफ लाईन, समोर दोन गडी, म्हणजे चारही बाजूनं कोंडलं. मागं पास देता येत नाही, सरकता येत नाही, ड्रिबल थांबवलं असेल तर संपलाच खेळ. डिफेन्सचे खरे दोनच गडी आहेत, बाकी काम दोन लाईनी करायल्यात.

ह्याच्यावर उपाय काही फार मोठा नाही, पण पूर्ण कोर्टवर सराव पाहिजे. बॉल साईडनं न आणता शक्यतो मधून आणा, मधून दोन्हीकडं पास निघतो. लाईन ओलांडताना ड्रिबल थांबवू नका, निदान तीन-चार पावलं आत जाऊन मग काय करायचं ते करा. ट्रॅप दिसलाच तर लाईन ओलांडायच्या आधीच, म्हणजे अजून मागं असतानाच, मागच्या गड्याला द्या आणि बाजू बदला, ते कायदेशीर आहे, फक्त सेकंद मोजत राहा. आणि बाकीच्या चौघांतल्या एकानं तरी फ्रंटकोर्टमध्ये, लाईनीपासून दोन मीटर आत, मध्यभागी येऊन उभं राहायचं, पळून रिंगखाली जायचं नाही. सगळे रिंगखाली जाऊन हात वर करून "दे दे" करतात आणि बॉल आणणारा एकटा मागं मरतो.

पूर्ण कोर्ट मिळत नसेल तर एवढं करा, आहे त्या अर्ध्या कोर्टवर फ्री थ्रोच्या लाईनीला उजवीकडं डावीकडं साईडलाईनीपर्यंत फक्की मारून लांब करा, तीच हाफ लाईन समजा, आणि बेसलाईनीकडून बाहेरच्या बाजूला बॉल काढायचा, दोघं ट्रॅप लावणार, तिघं आणणार, एकानं मोठ्यानं आठपर्यंत मोजायचं. गाड्यावाल्यांना विचारून वीस मिनिटं जागा मिळाली तर खरी हाफ लाईन वापरा. आणि एका पोराला दर वेळी रेफरी करा, खेळायला नाही मिळालं म्हणून तोंड पाडतो तो, पण तीनही गोष्टी, दोन पाय आणि बॉल, सगळ्यात आधी त्यालाच दिसायला लागतात.